सरकारी नोकराच्या कामाचें माप कोणतें?

आमच्या वाचकांपैकीं क्वचितच एखादें घर असें असेल, कीं ज्यांतील निदान एक तरी माणूस सरकारी अगर निमसरकारी नोकरींत नाहीं. थोरले बंधु जिल्हा परिषदेंत, धाकटी सून पोस्टांत, पुतण्या पाटबंधारे खात्यांत, असा सर्वसाधारण थाट असतो. आणि तरीहि रात्रीं पानें मांडलीं म्हणजे त्याच घरांत सरकारी कचेऱ्यांच्या नांवानें बोटें मोडण्यास सुरुवात होते. वारसाची नोंद आठ महिने अडली, दाखल्यासाठीं चार खेपा झाल्या, साहेब जागेवर नव्हते, कारकून चहाला गेला होता, वगैरे वगैरे. गंमत अशी, कीं तक्रार करणारा आणि ज्याच्याविषयीं तक्रार करावयाची तो, असे दोघेहि पुष्कळदां एकाच पंक्तीस बसलेले असतात! कचेरींत बसणाऱ्याला आपल्यापुढें कामाचा डोंगर दिसतो, आणि खिडकीबाहेर उभें राहणाऱ्याला आंत आळसाचा डोंगर दिसतो. दोघेहि आपापल्या परी खरें तेंच सांगत असतात.

या भांडणाच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे. सरकारी नोकरानें काम चांगलें केलें कीं वाईट, हें ठरवावयाचें कसें, आणि ठरविल्यावर तें त्याला सांगावयाचें कसें? वाणी संध्याकाळीं गल्ला मोजतो आणि त्याला दिवसाचा हिशेब कळतो. शेतकऱ्याला वर्षाचा हिशेब खळ्यावर कळतो. परंतु तलाठ्याचें, शाळामास्तरचें किंवा आरोग्यसेविकेचें पीक कोणत्या खळ्यावर मोजावें? सरकारी नोकरीच्या सुधारणेचे जे प्रयत्न गेल्या पावणेदोनशें वर्षांत झाले, ते फिरून फिरून या एकाच प्रश्नापाशीं येऊन थांबले आहेत. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न आजचा नव्हे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत खातेप्रमुखांच्या परीक्षेसाठीं स्वतंत्र प्रकरण घातलें आहे, आणि सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत. त्या चाळीसांची गोष्ट लोक मोठ्या चवीनें सांगतात. परंतु त्याच ग्रंथांतील दुसरें एक मत आम्हांस त्याहून मोलाचें वाटतें. ठरल्यापेक्षां कमी वसूल आणणारा अधिकारी राजाचें नुकसान करतो, हें कोणीहि सांगेल. पण जो दुप्पट वसूल आणतो त्याची पाठ थोपटूं नये, त्यानें प्रजेलाच खाऊन टाकलें आहे असें समजावें, असा कौटिल्याचा अभिप्राय आहे. नुसत्या आंकड्यावरून माणसाची परीक्षा करणाऱ्याला एवढा मोठा इशारा दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत मिळावा, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याचें प्रयोजन पुढें येईलच.

अर्वाचीन काळांतील सुधारणेचा आरंभ दारापासून झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरींत प्रवेश मिळे तो संचालकांच्या शिफारशीनें. १८५३ च्या सनदी कायद्यानें ही चाल मोडली, आणि १८५५ पासून लंडनमध्यें चढाओढीची परीक्षा सुरू झाली. त्याच सुमारास, म्हणजे १८५४ मध्यें, नॉर्थकोट व ट्रेव्हेलियन या दोघांनीं खुद्द इंग्लंडांतील कचेऱ्यांविषयीं आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. नेमणूक परीक्षेनें व्हावी, आणि बढती केवळ नोकरीच्या वर्षांवर न देतां गुणांवर द्यावी, हीं त्यांतील दोन मुख्य सूत्रें. १८६३ मध्यें सत्येंद्रनाथ टागोर लंडनची परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. १९१८ मध्यें आपल्या महाडकडचे चिंतामणराव देशमुख त्या परीक्षेंत पहिले आले. पुढें १९४३ मध्यें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. हीच परीक्षा हिंदुस्थानांतहि घेतली जावी ही मागणी मान्य होण्यास मात्र १९२२ साल उजाडावें लागलें.

दाराचा प्रश्न अशा रीतीनें पुष्कळसा सुटला. परंतु जो तरुण बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षीं परीक्षा देऊन दारांतून आंत आला, तो पुढें तीस-पस्तीस वर्षें त्याच वाड्यांत राहणार! त्या काळांत त्याची हुशारी वाढली कीं गंजली, हें त्या एका परीक्षेवरून कसें कळावें? मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिला आलेला विद्यार्थी साठाव्या वर्षींहि पहिलाच असेल, असें आम्हां मास्तरलोकांपैकीं कोणीहि छातीला हात लावून सांगणार नाहीं.

या अडचणीवर जी युक्ति निघाली ती गोपनीय अहवालाची. दरसाल वरिष्ठानें आपल्या हाताखालच्या नोकराविषयीं शेरा लिहावा, त्यावरील वरिष्ठानें तो तपासावा, आणि बढतीच्या वेळीं मागील कांहीं वर्षांचे शेरे एकत्र करून पाहावे. योजना वाईट नव्हती. परंतु शेरा गुप्त ठेवण्याच्या चालीमुळें तिच्यांत एक मोठें वैगुण्य शिरलें. शेरा प्रतिकूल असेल तरच तो नोकराला कळवीत; एरव्हीं त्याला कांहींहि कळत नसे. ही रीति वरवर पाहतां दयाळूपणाची वाटते. तिचा परिणाम काय होतो, हें एका खटल्यानें साऱ्या देशाला दाखवून दिलें.

सीमावर्ती रस्त्यांच्या खात्यांत देव दत्त नांवाचे एक अभियंते होते. वरच्या जागेवर बढती मिळण्यास लागोपाठ पांच वर्षें ‘अति उत्तम’ असा शेरा असणें आवश्यक होतें. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालांत मात्र ‘उत्तम’ एवढेंच लिहिलेलें होतें. ‘उत्तम’ हा शेरा कांहीं प्रतिकूल नव्हे, म्हणून तो त्यांना कोणीं कळविला नाहीं. आणि त्याच शेऱ्यामुळें त्यांची बढती हुकली! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २००८ मध्यें न्यायालयानें निर्णय दिला, कीं शेरा बरा असो वा वाईट असो, तो ज्याच्याविषयीं लिहिला त्याला कळविलाच पाहिजे, आणि त्यावर आपलें म्हणणें मांडण्याची संधि त्याला मिळालीच पाहिजे. शब्द गोड आहे कीं कडू, हें पाहावयाचें नसून त्याचा परिणाम काय होतो हें पाहावयाचें, असें या निर्णयाचें सार आहे. न्याय मिळाला तेव्हां ते गृहस्थ सेवानिवृत्त झालेले होते. पुढें २०१३ मध्यें तीन न्यायमूर्तींच्या पीठानेंहि हेंच तत्त्व कायम केलें.

दरम्यान २००९ मध्यें मध्यवर्ती सरकारनें अहवालाचें नांव आणि रूप दोन्ही बदललीं. ‘गोपनीय’ हा शब्द जाऊन ‘वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल’ असें नांव आलें. आरंभीं नोकरानें स्वतःच आपल्या वर्षभराच्या कामाचा वृत्तांत लिहावयाचा, मग वरिष्ठानें एक ते दहा या मापानें गुण द्यावयाचे, आणि तो अहवाल संपूर्ण नोकराला दाखवावयाचा. त्यावर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत. गुप्त खलित्याचें हें प्रगतिपुस्तक झालें, असें शाळेच्या भाषेंत म्हणतां येईल.

परंतु शेरा उघडा झाला म्हणजे तो खरा झाला, असें मात्र नाहीं. येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगणें भाग आहे. महाराष्ट्रांतील खाजगी शाळांना लागू असलेल्या १९८१ च्या नियमांप्रमाणें शिक्षकांचे अहवालहि दरसाल लिहावे लागतात, आणि मुख्याध्यापक या नात्यानें कांहीं वर्षें तें काम आमच्याकडे होतें. वार्षिक परीक्षेचे निकाल, पटाची तपासणी, संस्थेचा हिशेब, असें सर्व एकदम अंगावर आलेलें असे. त्यांत तीस-बत्तीस अहवाल. आम्ही मागील वर्षाचा कागद पुढें ठेवीत असूं आणि ‘काम समाधानकारक, वर्तन चांगलें’ ही ओळ उतरवून मोकळे होत असूं. कोणाचें मन दुखवावयास नको, आणि कोणाची हरकत निस्तरावयास नको!

आमच्या हाताखालीं गणिताचे एक शिक्षक होते. शाळा सुटल्यावर वर्गांतील अगदीं मागे पडलेलीं आठ-दहा मुलें घेऊन ते रोज तासभर बसत. त्याचा गवगवा त्यांनीं कधीं केला नाहीं, आणि त्याबद्दल त्यांना कोणीं छदामहि दिला नाहीं. आम्ही सेवानिवृत्त झाल्यावर कांहीं वर्षांनीं ते एकदां भेटावयास आले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर निघतां निघतां उंबऱ्याशीं थांबून त्यांनीं विचारलें, “सर, आतां विचारायला हरकत नाहीं. त्या अहवालांत तुम्ही माझ्याविषयीं काय लिहीत होतां?” त्यांच्या विचारण्यांत राग नव्हता; केवळ जिज्ञासा होती. आम्हांस एकहि ओळ आठवेना. आठवण्यासारखी ओळ आम्हीं लिहिलीच नव्हती! “चांगलेंच लिहीत होतों,” असें आम्ही म्हणालों. ते हंसले आणि नमस्कार करून गेले. त्यानंतर बराच वेळ आम्ही ओटीवर तसेच बसून होतों.

या अनुभवावरून आमचें असें मत झालें आहे, कीं वाईट शेऱ्यानें जेवढे अन्याय होतात, त्याहून अधिक अन्याय गुळमुळीत शेऱ्यानें होतात. जेथें चांगल्या कामाची आणि कामचुकारपणाची नोंद एकाच शब्दांत होते, तेथें चांगलें काम करणारा हळूहळू थकतो आणि कामचुकार निर्धास्त होतो. शेरा लिहिणें हें वरिष्ठाचें काम आहे, आणि तें त्यानें नीट केलें कीं नाहीं, यावरून त्या वरिष्ठाचेंहि माप घेतलें पाहिजे.

“मग शेरे नकोत, काम मोजा आणि त्याप्रमाणें पैसा द्या,” असें म्हणणारा एक पक्ष नेहमींच असतो. बोलणें रोखठोक असल्यामुळें तें पटकन् पटतें. परंतु हा प्रयोग होऊन गेलेला आहे, आणि तोहि आमच्याच धंद्यांत. १८६२ मध्यें इंग्लंडांत असा नियम झाला, कीं शाळेला सरकारी मदत द्यावयाची ती मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व गणित यांतील परीक्षेचा निकाल पाहून. आपल्याकडेहि मुंबई इलाख्यांत निकालावर मदत देण्याची पद्धति होती. परिणाम काय झाला? ज्यावर पैसा मिळे तेवढेंच शिकविलें जाऊं लागलें. दिपोटी जें पुस्तक उघडणार तें मुलांकडून घोकून घेतलें, आणि इतर विषय मागें पडले. मॅथ्यू आर्नोल्ड हे कवि स्वतः शाळांचे तपासनीस होते; त्यांनीं या पद्धतीवर सतत टीका केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत ती बंद पडली. आंकडा मागावा तर आंकडा मिळतो, पण विद्या मिळतेच असें नाहीं. दुप्पट वसूल आणणाऱ्याविषयीं कौटिल्यानें जें म्हटलें तें हेंच नव्हे काय? पोलिसांकडून केवळ गुन्ह्यांची संख्या कमी मागितली, तर फिर्यादच नोंदवून न घेण्याचा मोह होणार. दवाखान्याकडून केवळ शस्त्रक्रियांची संख्या मागितली, तर रोग्याचे हाल होणार. माप पाहिजे, पण मापासाठीं काम होऊं लागलें म्हणजे मापच खोटें पडतें.

मग करावें तरी काय? आमच्या मतें माणसाचें माप घेण्याआधीं त्याच्या कामाची मांडणी नीट करावी. याचें एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलेलें आहे. १९८० नंतरच्या दशकांत अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) येथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनीं आपली कचेरी मुळापासून लावून काढली. कोणतें काम कोणाकडे, कोणता कागद कोठें, हें सर्व ठरवून टाकलें. त्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतींतील ‘सहा गठ्ठे’ आजहि सरकारी कचेऱ्यांत प्रसिद्ध आहेत. कारकुनानें आपल्याजवळचे सर्व कागद सहा गठ्ठ्यांत विभागावयाचे. पहिला प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यांवर स्वतःच कांहीं करावयाचें आहे त्यांचा. दुसरा प्रतीक्षेंतील प्रकरणांचा, म्हणजे ज्यांत दुसऱ्याचें उत्तर यावयाचें आहे त्यांचा. तिसरा ठराविक मुदतीनें पाठवावयाच्या तक्त्यांचा, चौथा कायम हुकुमांचा, पांचवा दप्तरखान्यांत पाठवावयाच्या कागदांचा, आणि सहावा नाश करावयाच्या कागदांचा. ज्या गृहिणीनें सणापूर्वीं फडताळ आवरलें असेल, तिला यांतील मर्म सांगावयास नको. पहिला गठ्ठा केवढा आणि तो किती दिवसांचा, एवढें पाहिलें म्हणजे तपासणाऱ्याला त्या कारकुनाचें काम कळतें. कोणाच्या मर्जीचा अगर गैरमर्जीचा तेथें फारसा प्रश्न उरत नाहीं.

कायद्यानेंहि याच दिशेनें पाऊल टाकलें आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्या व दिरंगाई यांसंबंधींच्या अधिनियमाप्रमाणें सर्वसाधारण कागद कोणाहि नोकराकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहतां कामा नये. जाणूनबुजून विलंब केल्यास तो शिस्तभंग होतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें त्यापुढची पायरी गांठली. अमुक दाखला अमुक दिवसांत मिळालाच पाहिजे, अशी मुदत जाहीर करावयाची. ती चुकली तर वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलें आणि दुसरें अपील, आणि शेवटीं सेवा हक्क आयोगाकडे तिसरें. सबळ कारणावांचून विलंब करणाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपये दंड. दंडाची रक्कम मोठी नाहीं. परंतु ‘उद्यां या’ या दोन शब्दांना प्रथमच किंमत पडली, हें कांहीं थोडें नव्हे.

आतां दुसऱ्या बाजूचाहि विचार केला पाहिजे. नोकराकडून काम मागावयाचें तर त्याला निर्भयपणें काम करूं दिलें पाहिजे. १९४९ च्या ऑक्टोबरांत घटनासमितींत सरदार पटेल यांनीं सनदी नोकरांची बाजू हिरिरीनें मांडली. आपलें मत स्पष्टपणें सांगण्याची मोकळीक ज्या नोकराला नाहीं, त्याच्या हातून अखंड हिंदुस्थानचा कारभार चालणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. घटनेच्या ३११ व्या कलमानें चौकशी केल्यावांचून व म्हणणें ऐकून घेतल्यावांचून नोकरास काढूं नये, असें जें संरक्षण दिलें आहे, त्याचें कारण हेंच. या संरक्षणाआड कामचुकारहि लपतात, हें खरें. म्हणूनच पन्नास-पंचावन्नाच्या वयास पोंचलेल्या नोकराच्या कामाचा फेरविचार करून, तो निरुपयोगी ठरल्यास सार्वजनिक हितासाठीं त्याला सेवानिवृत्त करण्याची तरतूदहि नियमांत आहे. पण प्रामाणिक माणसाला भीति वाटते ती बडतर्फीची नव्हे. वेळीं-अवेळीं होणाऱ्या बदलीची. वरील २००५ च्या अधिनियमानें एका जागीं साधारणतः तीन वर्षांचा काळ ठरवून दिला. २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि सनदी नोकरांस निश्चित मुदत असावी आणि वरिष्ठांचे तोंडी हुकूम लेखीं नोंदवावे, असा आदेश दिला. आंबा लावल्यावर दर पावसाळ्यांत उपटून दुसऱ्या आळ्यांत लावावयाचा, आणि मग फळ कां धरत नाहीं म्हणून त्यालाच शेरा द्यावयाचा, हा न्याय नव्हे.

शेवटीं दोन शब्द आपल्या घराविषयीं. सरकारी नोकर कांहीं आभाळांतून पडत नाहीं. तो आपल्याच घरांतून कचेरींत जातो. घरांतील थोरांनीं त्याला “पगार किती, वरकड किती?” असें विचारलें, तर तो एक धडा शिकतो. “आज कोणाचें काम केलेंस?” असें विचारलें, तर दुसरा शिकतो. स्वतःचें काम अडलें कीं आपण ओळखीचा माणूस शोधतों, आणि तो मिळाला म्हणजे रांगेंतील दुसऱ्या कोणाचा तरी कागद आपल्या कागदाखालीं जातो, याचा विचार आपण करीत नाहीं. त्यापेक्षां अर्जाची पोंच मागावी, तारीख लिहून ठेवावी, मुदत चुकल्यास सभ्यपणें अपील करावें. आणि ज्या कारकुनानें काम वेळेवर केलें, त्याच्या वरिष्ठाला चार ओळींचें पत्र लिहावें. तक्रारअर्ज टपालानें रोज जातात. असें एखादेंहि पत्र त्या कारकुनाच्या अहवालांतील कोरी ओळ भरूं शकतें.

आणखी एक गोष्ट. एकत्र कुटुंबांतहि गोपनीय अहवाल असतातच! धाकट्या सुनेचा स्वयंपाक, मधल्या दिरांचा उधळेपणा, याविषयींचे शेरे माजघरांत लिहिले जातात, शेजारीं कळविले जातात, आणि ज्याच्याविषयीं ते असतात त्याला मात्र कधींच कळत नाहींत. त्याहून वाईट म्हणजे चांगलें केलेलें बोलूनच दाखवीत नाहींत, “त्यांत सांगायचें काय?” म्हणून तें गृहीत धरतात. सर्वोच्च न्यायालयानें सरकारास जें सांगितलें, तें घरांतहि लागू करण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

त्या गणिताच्या शिक्षकांस आम्हीं गेल्या वर्षीं एक पत्र लिहिलें. ते रोज शाळा सुटल्यावर काय करीत, तें आम्हीं पाहिलें होतें, आणि त्यांच्या त्या मुलांपैकीं कितीजण पुढें गेले, हेंहि आम्हांस ठाऊक होतें. तें सर्व सविस्तर लिहिलें. त्या पत्रानें त्यांना आतां बढती मिळणार नाहीं कीं पगार वाढणार नाहीं. अहवाल लिहिण्याची मुदत केव्हांच टळून गेली आहे. परंतु ज्यांच्या हातीं आज लेखणी आहे, त्यांची मुदत अजून टळलेली नाहीं; आणि हें सर्व लिहावयाचें तें त्यांच्याकरितांच.